चुलीचा घसा

ही वही मुलीची आहे. तिने पाच-सहा पाने भरून टाकून दिली होती, म्हणून मी घेतली. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही जमत नव्हते, आता तर विचारूच नका. अक्षर वाकडे येते आणि ओळ लिहिता लिहिता खाली उतरते. कोणी वाचणार नाही असे धरूनच लिहिते आहे. तरीही वही कोणाच्या हाती पडलीच तर चुका पोटात घालाव्यात.

एका माणसाबद्दल लिहायचे आहे. तोंडाने सांगायला मला जमत नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझा आवाज आतल्या आत राहतो. शिवाय ही गोष्ट सांगितली तर घरात माझी मान खाली जाईल. आमचे हे अजूनही त्या माणसाला लबाड म्हणतात आणि मी ऐकून गप्प बसते. ते बरोबर नाही.

त्यांचे नाव लिहीत नाही. मी त्यांना बाबा म्हणायचे.

बाबा चुली बांधायचे. आमच्याकडे चूल बायकांनी बांधायची असते. बाप्या माणूस चिखलात मांडी घालून चूल थापतो हे मी नंदाखालला राहायला आल्यावर पहिल्यांदा पाहिले. ते चांदीपचे. तरुणपणी वीटभट्टीवर आग सांभाळायला होते, नंतर वसईत एका पावभट्टीवर. उजव्या हाताची दोन बोटे भाजून आखडली होती. पंजा एवढा रुंद की पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात वाटीसारखा दिसायचा. गळ्यात मफलर, तो फेब्रुवारीच्या उन्हातही निघत नसे. खिशात उदबत्तीचा पुडा आणि एक गोल आरसा, बायकांच्या पर्समध्ये असतो तसा.

माणसांशी ते फार बोलत नसत. बोलायचे ते चुलीशी. "काय गो, कोन तरास देतंय तुला?" असे तिला विचारायचे आणि कान लावून बसायचे. आपण काही विचारले तर उत्तरही चुलीकडे बघूनच द्यायचे. त्यामुळे ते कोणाला रागावले आहेत, मला की चुलीला, हे कळत नसे.

ज्या घरातली चूल नीट ओढत नाही त्या घरात ते पाणीसुद्धा पीत नसत. "आधी तिचं होऊ दे," म्हणायचे.

पहिल्या दिवशी आले तेव्हा त्यांनी चुलीची जागा बघायच्या आधी मला प्रश्न विचारले. "बाय, तू किती वाजता उठतेस?" "घरात दुपारचं कोन असतं?" "हे दार आत उघडतं की बाहेर?" "रातचं खिडकी लावता की उघडी?" मी सगळ्याची उत्तरे दिली आणि ते गेल्यावर माझ्या लक्षात आले. अनोळखी माणसाला आपण घर कधी रिकामे असते ते सांगून बसलो. त्या रात्री मी खिडकीला आतून सुतळी बांधली.

चूल कशासाठी हवी होती ते सांगते. काकींच्या वाडीच्या कडेला आमची भाड्याची खोली आहे आणि मागे पत्र्याची पडवी. मी तांदळाच्या भाकरी करते. विरारला फुलपाड्यात एक बाई पोळी-भाजी केंद्र चालवतात, त्यांना मी रोज तीस भाकरी द्यायचे. एकदा त्या म्हणाल्या, "ताई, फ्लॅटवाल्यांना चुलीवरची भाकरी पाहिजे. गॅसवरची मी इथेही करून घेईन. चुलीवरची देत असशील तर रोज ऐंशी घेते." ऐंशी म्हणजे मुलीच्या बारावीच्या क्लासची सोय झाली. ती सोय दुसऱ्या कशातून होण्यासारखी नव्हती.

पण तीन दगडांची चूल पेटवली की धूर सरळ काकींच्या मागच्या खोलीत. काकी म्हणजे आमच्या घरमालकीण. वाडीत त्यांची केळी, नारळ आणि दोन विहिरी. त्यांच्या मालकांना, म्हणजे यजमानांना, दमा. काकी म्हणाल्या, "हे बघ, तुझ्या पोटावर मला पाय द्यायचा नाही. पण हे रात्रभर बसून काढतात. पाइपाची चूल बांध, धूर वर गेला पाहिजे. होळीपर्यंत बघेन. तोवर जमलं तर जमलं, नाहीतर पडवीत जाळ दिसता कामा नये."

म्हणून मी बाबांना बोलावले. त्यांनी दोन हजार सांगितले, पाइप वेगळा. आणि सगळे पैसे आधी.

"अर्धे आधी देते," मी म्हटले. एवढे बोलायलाही मला घाम फुटला होता.

ते जमिनीकडे बघून म्हणाले, "सगळे आधी. चूल ओढली तर माझे. नाय ओढली तर तुझे तुला परत."

आमचे हे संध्याकाळी ड्यूटीवरून आले. विरारला एका सोसायटीत ते वॉचमन आहेत, त्यामुळे जगात सगळे चोर आहेत असे त्यांना वाटते. "सगळे दिलेस? पावती?"

"चूल बांधणाऱ्याची पावती कुठे असते?"

"मग गेले समज. परत देतो म्हणणाराच आधी पळतो. मी रोज बघतो गेटवर."

पण बाबा पळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर गोणी लादून हजर. गोणीत शेतातली माती होती. ती त्यांनी चिमूटभर तोंडात टाकली, चघळली आणि थुंकली. "बरी हाय." मग भाताचा तूस, शेण, पाणी घालून पायांनी मळायला लागले. काकी त्यांच्या ओट्यावरून बघत होत्या. बाबांनी उदबत्ती पेटवली, पडवीच्या चार कोपऱ्यांत एकेक करून धरली, धूर कुठे वळतो ते बघितले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. मग जाळाच्या जागी खड्डा खणून त्यात दोन किलो खडे मीठ ओतले आणि वर फुटक्या बाटल्यांच्या काचा पसरल्या.

काकी ओट्यावरून खाली आल्या. मला केळीच्या आड ओढून म्हणाल्या, "अगं, मीठ, काचा, उदबत्ती! हा चूल बांधतोय की करणी करतोय?"

"पावभट्टीत घालतात म्हणे. ऊब धरून राहते."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"मग तो दुसरं काय सांगणार!"

मला हसू आले, पण मनात ते राहिले. पुढे चूल धुरायला लागली तेव्हा मी एकदा हातात कंदील घेऊन चुलीच्या बुडाशी लिंबू किंवा सुई दिसते का ते शोधले आहे. हे लिहितानाही लाज वाटते.

चुलीला दोन तोंडे होती. पुढे मोठी चूल, मागे वैल. वैलातून एक बोगदा वळून पाइपाला मिळायचा. त्या बोगद्याला बाबा घसा म्हणायचे. "चुलीला तोंड सगळेच करतात. घसा कोनी नीट करत नाय. म्हनून त्या खोकतात." घसा केवढा असावा याचे त्यांचे माप म्हणजे सोललेला नारळ. पाइप बसवायच्या आधी त्यांनी वैलातून नारळ सोडला आणि तो पलीकडून अलगद बाहेर आला. मग तो नारळ पिशवीत टाकून ते घरी घेऊन गेले. नारळ काकींचा होता. काकींनी तेवढ्यासाठी दोन दिवस तोंड फुगवले.

जाताना ते मला म्हणाले, आणि तेव्हा पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, बाहेरून कितीबी सारव. आत हात घालायचा नाय. घशाला हात लावायचा नाय."

मी मान हलवली. पण ते गेल्यावर विचार करत बसले. आत हात का घालायचा नाही? आत काय आहे? माणूस ज्या जागेला हात लावू नको म्हणतो, तिथेच त्याने काम कच्चे सोडलेले असते. इमारतीतले कंत्राटदारसुद्धा असेच सांगतात, हे यांच्या तोंडून मी ऐकले होते.

दहा दिवसांनी चूल वाळली आणि पेटवली. खरे सांगते, असा जाळ मी कधी पाहिला नव्हता. एक झावळी आणि दोन करवंट्या, एवढ्यात तवा तापला. धूर घशातून खेचला जायचा आणि पाइपात घुं घुं आवाज व्हायचा. पडवीत डोळे उघडे ठेवून बसता यायचे. ऐंशी भाकरी साडेआठच्या आत झाल्या. काकी पाइपाच्या टोकाकडे बघत म्हणाल्या, "हं. जातोय खरा वर."

आता माझी चूक. माझ्या आईने मला लिहायला-वाचायला शिकवले नाही, पण चूल सारवायला शिकवले. सकाळी उठले की आधी राख काढायची, मग शेणमातीचा पोतेरा घेऊन चूल आतून-बाहेरून सारवायची. आत जिथवर हात जातो तिथवर. बिनसारवलेली चूल पेटवणे म्हणजे आंघोळ न करता देवाला फूल वाहणे, असे ती मानायची. पहिल्याच आठवड्यात मला वैलाच्या आत भेगा दिसल्या. मनात म्हटले, हेच ते. हेच लपवायला हात घालू नको म्हणाला. मी पोतेरा जाड केला आणि भेगा बुजवल्या. माझा हात बारीक आहे. कोपरापर्यंत आत जायचा. रोज सकाळी मी त्या घशाला आतून हात फिरवला. रोज.

पंधरा दिवसांनी चूल खोकायला लागली.

आधी थोडा धूर पुढच्या तोंडातून येऊ लागला. मग जास्त. मग भाकरीला धुराचा वास. फुलपाड्याच्या बाईंचा फोन आला, "ताई, चुलीवरची म्हटली म्हणून काय काळी भाकरी? कस्टमर परत करतायत." त्या दिवशी ऐंशीतल्या बावीस भाकरी परत आल्या. काकींकडून मालकांचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू यायचा आणि प्रत्येक उबळीला मला वाटायचे, ही माझ्या नावाने आली.

मी बाबांना फोन लावला. ते गुरुवारी येतो म्हणाले. आगाशीला त्यांचे काहीतरी काम असायचे गुरुवारी.

पहिल्या गुरुवारी आले ते सायकल उभी करायच्या आधी पाइपाकडे बघत. उदबत्ती लावली, पडवीच्या दारात उभे राहिले, मग वाडीत गेले, मग काकींच्या खिडकीखाली उभे राहून आत डोकावले. काकी आतून ओरडल्या, "काय बघतोस रे?" बाबा म्हणाले, "वारा." वारा काय खिडकीत बसलाय, असे काकी म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी आपटून लावली.

मग बाबांनी चुलीकडे बघत मला विचारले, "बाय, पोतेरा कुठवर घालतेस?"

मी म्हटले, "बाहेरून."

का म्हटले मला माहीत नाही. त्यांनी सांगितलेले ऐकले नाही, हे एकदम तोंडावर कसे बोलायचे. मी लाजेने खोटे बोलले आणि त्यांनी ते तिथेच खरे धरले. पुन्हा विचारले नाही. बाकी सगळ्यावर त्यांना संशय होता. वाऱ्यावर, पाइपावर, विरारच्या बाजूला उभ्या राहिलेल्या टॉवरवर. "तो झाल्यापासून सकाळचा वारा फिरलाय," म्हणून त्यांनी टॉवरच्या दिशेने एक घाण शिवी दिली. पण घरातल्या बाईच्या बोलण्यावर संशय घ्यायचा त्यांना सुचलेच नाही.

जाताना त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढली आणि चुलीशेजारच्या दगडाखाली ठेवली. "चूल ओढत नाय. हे तुझे."

हे संध्याकाळी नोट उजेडात धरून, उलटीपालटी करून बघत बसले. "खरी आहे," म्हणाले, आणि त्यांना जास्तच संशय आला. "घेतलेले पैसे कोणी असे आपणहून देतो? याला पुन्हा पुन्हा यायचं असेल. बघून ठेवत असेल घर."

"काय आहे आपल्या घरात बघायला?"

"तेच तर म्हणतो. मग येतो कशाला?"

दुसऱ्या गुरुवारी बाबांनी पाइप दोन हात उंच केला. पडवीचे दार बिजागरीवरून काढून केळीला टेकून ठेवले, "वाऱ्याला वाट दे," म्हणून. त्या रात्री आम्ही बिनदाराचे झोपलो आणि हे उशाशी काठी घेऊन. बाबांनी लाकडांचा ढीग हुंगला. एक सुरूचा ओंडका बाजूला काढला आणि म्हणाले, "ओला हाय. लाकूडवाला फसवतो तुला." मग परत तेच विचारले, "आत हात घालत नायस ना?"

"मला काय कळत नाही का?" मी म्हटले. एवढा मोठा आवाज माझा मीच कधी ऐकला नव्हता. दुसऱ्यांदा विचारले याचा मला राग आला होता. ते मान खाली घालून म्हणाले, "तसं नाय, बाय." आणि दुसरी पाचशेची नोट दगडाखाली ठेवली.

चूल तशीच. बाईंनी भाकरी ऐंशीवरून चाळीसवर आणल्या, त्याही गॅसवर करून द्याव्या लागल्या; चूल पेटायची ती फक्त आंघोळीच्या पाण्यापुरती. बाबांनी परत दिलेले पैसे सिलिंडरमध्येच जात होते. होळीला अठरा दिवस उरले होते आणि काकी येता-जाता नुसत्या पाइपाकडे बघायच्या, बोलायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

तिसऱ्या गुरुवारी बाबांनी शिडी लावून पाइपात आरसा धरला. वरून वळणापर्यंतच दिसते, पुढे नाही. खाली उतरून त्यांनी वैलात हात घालायचा प्रयत्न केला. तो पंजा आत कुठला जातोय. मग मला म्हणाले, "बाय, तुझा हात बारीक हाय. घाल बघू आज. काय लागतं ते सांग."

मी हात घातला. आधी कोपरापर्यंत जायचा तो मनगटावर अडकला.

ती घडी मला अजून आठवते. हात आत, तोंड चुलीच्या कडेला टेकलेले, आणि बाबा माझ्या शेजारी उकिडवे बसून वाट बघत होते. मला त्याच वेळी कळले होते. पूर्ण नाही, पण कळले होते. बोटांना माझाच पोतेरा लागत होता, गुळगुळीत, माझ्या हाताचा. पण लगेच मन म्हणाले, याची माती फुगली असेल. याची माती वाईट म्हणून मला भेगा बुजवाव्या लागल्या. आणि खरे कारण त्याच्याही खाली होते. हजार रुपये परत घेऊन मी खर्च करून बसले होते. चूक माझी निघाली तर ते कुठून देणार?

"मोकळं आहे," मी म्हटले.

बाबा "बरं" म्हणाले. मग नोट ठेवली. या वेळेस ती पाचशेची एक नव्हती. शंभराच्या तीन आणि बाकीच्या दहा-वीसच्या, रबर लावलेल्या. मी दगडाखालून काढून मोजल्या. बरोबर पाचशे होत्या.

चौथ्या गुरुवारी त्यांनी काहीच केले नाही. उदबत्ती नाही, आरसा नाही. चुलीसमोर बसले आणि तिच्या कडेवरून हात फिरवला. म्हणाले, "चाळीस वरसं आगीजवळ काढली. मना कळत नाय हिला काय झालं." मग मला, "बाय, मी हरलो. फोडून टाक ही, कोना दुसऱ्याकडून घे बांधून. तुझा पैसा पुरा झाला." नोटा ठेवल्या. उठताना गुडघ्यावर हात टेकून उठले. दाराशी काकी होत्या. त्या म्हणाल्या, "झालं का समाधान? बिचारीचा धंदा बसवलास." बाबा सायकल काढायला लागले. काकी त्यांच्यावर ओरडत होत्या आणि मी तिथेच उभी होते. एक शब्द बोलले असते तर पुरे होते.

रात्री झोप आली नाही. सकाळी हे ड्यूटीवर गेल्यावर मी खुरपे घेतले, वैलात हात घातला आणि खरवडायला लागले. ढेकळेच्या ढेकळे निघाली. बाहेरून काळी, आतून पिवळट, आणि मोडले की थरावर थर. प्रत्येक थराच्या वर काजळीची बारीक रेघ. एक सारवण, एक दिवसाचा धूर, एक सारवण, एक दिवसाचा धूर. नारळ जाईल असा केलेला घसा मी लिंबाएवढा केला होता. दोन घमेली निघाली. त्याखाली बाबांचे काम लागले, टणक, गुळगुळीत. भेगा होत्या त्या केसाएवढ्या, वरवरच्या.

दोन झावळ्या घालून काडी लावली. पाइप पहिल्याच दमात घुमायला लागला. मी चुलीपुढे बसून रडले आणि पहिल्यांदाच ते रडणे धुराचे नव्हते.

काकींनी विचारले, "काय गं, काय केलंस?" मी म्हटले, "साफ केली." तेवढेच. काकी म्हणाल्या, "बघ, त्याला एवढं सुचलं नाही. लुटारू मेला." आणि मी पुन्हा गप्प बसले. म्हणून तर हे लिहिते आहे.

पण एका ठिकाणी गप्प बसता येणार नव्हते. पुढच्या रविवारी माहेरच्या ओळखीच्या बाईकडे जाते असे सांगून मी एकटी निघाले. विरारपर्यंत बस, तिथून चांदीपची रिक्षा. एकटीने एवढ्या लांब जायची सवय नव्हती. रिक्षावाल्याने दोनदा विचारले तेव्हा कुठे माझ्या तोंडून गावाचे नाव निघाले. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक ढेकूळ होते आणि पदरात पाचशे रुपये. त्याच आठवड्यात पुन्हा ऐंशी भाकरी सुरू झाल्या होत्या, त्याचे.

बाबा घरापुढे बसून सुतळी वळत होते. मला बघून उभे राहिले.

"बाय? एकटी? चूल पडली काय कोनावर?"

"नाही बाबा. चूल चांगली ओढते."

त्यांनी सुतळी बाजूला ठेवली. "खोटं."

"खरंच ओढते."

"कोन आला बांधायला?"

"कोणी नाही." मी पिशवीतून ढेकूळ काढून त्यांच्या हातात दिले. बोलायचे ठरवून आलेले सगळे शब्द विसरले होते.

त्यांनी ते मोडले. मोडलेली कड डोळ्यांजवळ नेली. मग आखडलेल्या बोटाच्या नखाने थर मोजायला लागले, मनातल्या मनात, ओठ हलवत. छत्तीसपर्यंत मोजले. मग थर एकमेकांत मिसळले होते.

"रोज घातलास?"

"रोज."

"रविवारी पन?"

"रविवारी पण."

"मी विचारलं तवा खोटं बोललीस."

"हो."

"कितीदा?"

"तीनदा."

ते परत ढेकळाकडे बघायला लागले. मला वाटले आता शिवी देतील, टॉवरला दिली तशी. त्यांनी ढेकूळ उलटे करून सारवलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. "सारवलंस मातर बेस," म्हणाले. मग एकदम, "आनि मी बिचाऱ्या त्या टॉवरला काय काय बोललो!" आणि खांदे हलवत हसायला लागले, आवाज न करता.

मी पाचशे पुढे केले. "बाकीचे दर आठवड्याला देते. दोन हजार पूर्ण करते."

हसू थांबले. "हे ठेव."

"का?"

"ढेकूळ दाखवलंस. चूल कुठं दाखवलीस? मी डोळ्यानं बघेन, ओढते म्हनून, मग घेईन. गुरुवारी येतो."

"बाबा, मी खरं सांगते आहे."

"तीनदा तुझं ऐकलं," ते म्हणाले. रागाने नाही, हिशेब सांगावा तसे म्हणाले. "आता चार वेळा बघनार. एका वेळेला पाचशे. मी दिले तसेच घेनार."

गुरुवारी आले. उदबत्ती पेटवून वैलाच्या तोंडाशी धरली. धूर सुतासारखा आत खेचला गेला. मला चूल पेटवायला लावली, पुन्हा विझवायला लावली, गार झाल्यावर पुन्हा पेटवायला लावली. मग पाचशे घेऊन मफलरच्या टोकात बांधले. हे त्या दिवशी घरी होते. बाबा गेल्यावर म्हणाले, "आता कशाचे पैसे नेले याने?" मी म्हटले, "चूल दुरुस्त केली त्याचे." हेही अर्धेच खरे होते.

दुसऱ्या गुरुवारी पश्चिमेचा वारा जोरात होता म्हणून त्यांना मुद्दाम दुपारी बघायचे होते. मला भाकरी करून दाखवायला लावल्या. तवा बाजूला ठेवून जाळावर हात धरून बघितला. माझ्या हाताकडे बघून विचारले, "आज सकाळी कुठवर सारवलंस?" मी म्हटले, "कडेपर्यंत." त्यांनी वाकून कड तपासली, बोट फिरवून बघितले, मग पैसे घेतले.

तिसऱ्या गुरुवारच्या आत होळी होऊन गेली होती. काकी काही बोलल्या नव्हत्या. त्यांच्या मालकांची मागची खिडकी दिवसभर उघडी असायची. काकींनी स्वतः येऊन चार भाकरी मागितल्या आणि पैसे देऊ लागल्या, मी घेतले नाहीत. त्या गुरुवारी बाबांनी शिडी लावून पाइपात आरसा धरला, वैलात करवंटी टाकून जाळ बघितला, आणि अर्धा तास चुलीसमोर बसून पाइपाचा आवाज ऐकला. मग तिसरी नोट.

चौथ्या गुरुवारी मी सकाळपासून तयारीत होते. राख काढली, बाहेरून सारवले, वाळकी झावळी वेगळी ठेवली. शिडीही भिंतीला लावून ठेवली. ते उशिरा आले. सायकलवरून उतरलेच नाहीत, एक पाय खाली टेकून वाडीच्या फाटकाशीच उभे राहिले. मी पाचशेची नोट घेऊन फाटकापर्यंत गेले.

"ओढते?" त्यांनी विचारले.

"ओढते," मी म्हटले.

त्यांनी पडवीकडे बघितलेसुद्धा नाही. नोट घेतली, मफलरच्या टोकात बांधली. "पुरे झाले दोन हजार," म्हणाले, आणि सायकल वळवून आगाशीच्या रस्त्याला लागले.